अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या बुटीक हॉटेलात राहताना

अ‍ॅमस्टरडॅममधील अनेक आलिशान बुटीक हॉटेले 17व्या शतकातील अरुंद घरांत थाटलेली असल्याने, लिफ्ट आहे का आणि ती आपल्या मजल्यापर्यंत जाते का, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. जुने जिने शिडीसारखे उभे असतात आणि पायरीवर जेमतेम अर्धे पाऊल मावते. म्हणूनच सामान खिडकीतून आत घेण्यासाठी घरांच्या माथ्यावर बसवलेले आकडे (हुक) आजही दिसतात. (आपली बॅग मात्र त्यावरून कोणी चढवत नाही.) छायाचित्रांवर न जाता खोलीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये पाहावे. कालव्याकडील खोली देखणी खरी, पण ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मागील बागेकडचीच मागावी. खोलीभाड्यावर 12.5 टक्के पर्यटन कर लागतो. तो दरात धरला आहे का, तेही तपासावे.