विशेष गरजा असलेल्या लेकराला प्रार्थना कशी शिकवावी

चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलमधलं स्तोत्र २३ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे…’) पाठ म्हणणाऱ्याला बक्षीस, ही माझी जुनी पद्धत. एका नाताळात डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी ‘परमेश्वर’ एवढंच म्हणून थांबली आणि मी लगेच पुढच्या मुलाला उभं केलं. तिची आई मागच्या बाकावर बसली होती. त्यानंतर मी पाठांतराची बक्षिसं बंद केली. पुढे जे लिहिते आहे ते बरंचसं त्या आईकडूनच शिकले.

एकच ओळ घ्या

प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, अख्खी पाठ करून घ्यायचा हट्ट सोडा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढी ओळ पुरे. आपल्या मराठवाड्यात ती शिकवायला चित्राचीसुद्धा गरज नाही. परातीत ज्वारीचं पीठ मळून घ्या, लेकराला शेजारी बसवा. गोळा त्याच्या तळव्याखाली, त्याच्या हातावर तुमचा हात. थापता थापता तालात म्हणा, ‘आमची रोजची…’ आणि थांबा. ‘भाकर’ हा शब्द त्याच्यासाठी सोडायचा. कितीतरी दिवस तो तुम्हालाच म्हणावा लागेल. मग एखाद्या संध्याकाळी नुसतं ‘भा’ येईल. बोलता न येणारं लेकरू परातीवर थाप मारेल, ती त्याची प्रार्थनाच समजा. (तव्यापासून मात्र लांब ठेवा.) रोज तीच वेळ, तीच ओळ. कंटाळा आपल्याला येतो. त्याला त्या तेच-तेपणाचाच आधार वाटतो.

गोष्ट हातात द्या

शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ ते शोधून आणतो, ही येशूची गोष्ट सांगताना शंभर मेंढरं कशाला? पाच चिंचोके मांडा, एक पदराखाली लपवा, शोधायला लावा. सापडला की टाळ्या. महिनाभर हीच गोष्ट चालू द्या. स्वमग्न मुलं बरेचदा शब्द जसेच्या तसे घेतात. ‘येशू तुझ्या हृदयात राहतो’ म्हटलं की छातीत कुणी शिरलंय म्हणून एखादं घाबरतं. त्यापेक्षा ‘येशूला तू आवडतोस’ असं सरळ सांगावं.

उपासनेची तयारी शनिवारी

ढोलकी, खंजिरी आणि वर लाऊडस्पीकर एकदम कानावर आदळले की काही मुलं किंचाळतात. तो वांडपणा नव्हे, त्यांना खरंच सहन होत नाही. आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये नेऊन आणा, बसायची जागा दाखवा. दाराजवळचा बाक बरा. गाणं, प्रार्थना, वचन, घर अशी चार चित्रं कागदावर काढून द्या. एकेक झालं की त्याने बोटाने दाखवावं. पाळकसाहेबांना आधी कल्पना द्या, प्रभुभोजनाचं (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आणि दृढीकरणाचंही (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) त्यांच्याशीच बोला. उत्तम शुक्रवारी, ऐन उन्हात, बारा ते तीन बसवून ठेवू नका. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी एक ऐकून घरी गेलात तरी चालतं.

‘कुणाच्या पापाचं फळ?’

हे विचारणारं कुणीतरी भेटतंच, कधी मंडळीत, कधी घरातच. शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारलं होतं, आणि येशूने याचंही नाही, आईबापांचंही नाही, असं स्पष्ट सांगितलं (योहान ९). तेवढं सांगा आणि विषय बदला. आरोग्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण कुणाच्या सांगण्यावरून फिट्सच्या गोळ्या एकदम थांबवू नका. त्याने जिवावर बेतू शकतं. लेकरू बरं झालं नाही म्हणजे आईचा विश्वास कमी पडला, असं म्हणणाऱ्यांना मी बायबलमधला २ शमुवेल ९ हा अध्याय वाचायला सांगते. दावीदाच्या मित्राचा, योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता आणि दावीद राजाच्या पंगतीला रोज जेवत होता. त्याचे पाय बरे झाल्याचं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

काम द्या

नुसतं बसवून ठेवलेलं मूल पाहुणं राहतं. दानाची थैली धरणं, सतरंजी अंथरणं, काहीही चालेल, पण दर रविवारी तेच काम त्याचं हवं.

ती मुलगी आता दारात उभी राहून गीतांची पुस्तकं वाटते. घाईतल्यालाही ‘जय ख्रिस्त’ म्हटल्याशिवाय पुस्तक मिळत नाही. हातात उलटं आलं तर आपणच सरळ करून घ्यायचं, तिला टोकायचं नाही.