मुलासमोर ‘बरं आहे ना?’ विचारू नका: म्हाताऱ्या माणसांचे हाल ओळखताना या चुका टाळा

“काकू, बरं आहे ना?” हे आपण हमखास त्यांच्या मुलासमोर किंवा सुनेसमोर विचारतो. उत्तर ठरलेलं: “बरंय गं.” रात्र त्याच घरात काढायची, तर त्या दुसरं काय सांगणार? देवळात जाताना, दवाखान्याच्या बाकावर, दहा मिनिटं एकटीला गाठा. “कोणी मारतं का?” असं थेट नको. काल काय जेवलात, पासबुक कुणाकडे असतं, रात्री उठायचं झालं तर कोण येतं, एवढंच विचारा.

फक्त मारहाण शोधणं ही दुसरी चूक, आणि ती मी स्वतः केली. माझ्या मावशीने संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं होतं, कारण रात्री संडासला न्यायला कुणी उठत नसे. आम्ही ते वयावर ढकललं. सैल झालेल्या बांगड्या, महिनोन्‌महिने तसाच तुटका चष्मा, माकडहाडापाशी चिघळलेली जखम, हे सगळं डोळ्यांसमोर असतं. उलट एका काळ्यानिळ्या डागावरून आरोप करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही डाग उठतो. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ असतील, किंवा कारण दर वेळी वेगळं सांगितलं जात असेल, तर डॉक्टरांकडून तपासून नोंद करून घ्या.

तावातावाने मुलाला जाब विचारू नका. आपण घरी परततो, राग त्यांच्यावर निघतो. आधी त्यांनाच विचारा, काय केलेलं चालेल.

“घर त्याच्या नावावर करून दिलं, आता काय उपयोग?” असं म्हणून तर कित्येक जण गप्प बसतात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 वाचा. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. वाद अटीवरच होतो, म्हणून ती कागदावर लिहून घ्या. अशा तक्रारी ऐकणारं निर्वाह (म्हणजे सांभाळाचा खर्च) न्यायाधिकरण प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालतं. स्वतः जाणं जमत नसेल तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. मूलबाळ नसेल, तर मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडूनही निर्वाह मागता येतो.

सल्ल्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. जिवाला धोका दिसला तर थेट 112.