ब्रिटिश पासपोर्टवाल्या मुलांना होम फी हवी असेल तर

अर्जाच्या कागदपत्रांत पासपोर्ट, मार्कशीट, फोटो हे सांगायला नको. पासपोर्ट ब्रिटिश आहे म्हणजे फी आपोआप होमची, म्हणजे तिथल्या रहिवाशांची, लागणार, हे मात्र आधी डोक्यातून काढा. इंग्लंडमधली विद्यापीठं तिथे राहण्याचा कायमचा हक्क तर बघतातच, शिवाय कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं तुमचं बिऱ्हाड तिकडेच होतं का, हेही बघतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोर्सला ही वर्षं १ सप्टेंबरपासून मागे मोजतात. पदवीची होम फी २०२५-२६ ला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती; ओव्हरसीजला, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या फीला, अशी मर्यादाच नाही.

त्या तीन वर्षांत तुम्ही नाशकात होतात? नोकरीपायी तात्पुरते आला होतात हे दाखवता आलं, तर तेवढी गैरहजेरी सोडून देतात. त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं. अंबडच्या प्लान्टवर बदली, कधीपासून, किती मुदतीची, संपल्यावर परत कुठे, सगळं लेटरहेडवर आणि बदलीच्या वेळच्या तारखेचं. आमच्या थोरल्याच्या वेळी हेच राहिलं. मागाहून मागितलं तर एचआरमध्ये नवा माणूस, आणि हातात आलं ‘सदर गृहस्थ आमच्याकडे नोकरीस आहेत’ एवढंच. काय करायचंय त्याचं? मुदत लिहिलेलं पत्र घ्या. निघायच्या आधी घ्या.

तिकडचं घर भाड्याने दिलं असेल तर तो करार, कौन्सिल टॅक्सची (तिकडच्या घरपट्टीची) बिलं, पी-६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा तिकडचा दाखला) एका फाइलीत ठेवा. गंगापूर रोडला फ्लॅट घेतलाय, पोरगी पाचवीपासून इथेच शिकतेय, तर ‘तात्पुरतं’ कोणाला पटणार? खोटं लिहायच्या भानगडीत पडू नका. सुट्टीत मामाकडे लेस्टरला महिनाभर राहिलं म्हणजे वास्तव्य होत नाही. मुख्यतः शिक्षणासाठी तिकडे काढलेली वर्षंही धरत नाहीत, त्यामुळे बारावीपुरतं बोर्डिंगला धाडायची शक्कल चालणार नाही.

यूकासच्या (तिकडचे प्रवेश-अर्ज एकत्र घेणारी संस्था) फॉर्मवर ज्या तारखा, त्याच विद्यापीठाच्या फी-प्रश्नावलीत (फी होम की ओव्हरसीज हे ठरवायचा फॉर्म). आणि तिला कंपनीचं पत्र जोडा, मुदतीचं. प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. एकाने होम म्हटलं म्हणून दुसरं म्हणेलच असं नाही. निर्णय पटला नाही तर ऑफर स्वीकारण्याआधीच फेरविचार मागा. प्रवेश वर्षभर पुढे ढकलला तर तीन वर्षं नव्याने मोजतात. स्टुडंट लोनचा अर्ज वेगळा, त्याचा निकालही वेगळा.