स्टाउटच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

डब्लिनला शिकायला आले आणि तिसऱ्या आठवड्यात एका पबमध्ये काम मिळालं. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे माझ्या वाट्याला शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी आल्या, म्हणजे ऐन गर्दीच्या. पहिला महिनाभर मला स्टाउटच्या, म्हणजे दाट फेसाच्या काळ्या बिअरच्या, टॅपला हात लावू दिला नव्हता. ग्लास गोळा करायचे, धुवायचे, जाळीवर पालथे घालायचे. फडक्याने पुसायचे नाहीत, हे आमच्या हेड बारमननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काउंटरमागे तीस वर्षं काढलेला माणूस. ते सांगतात म्हणून मी ऐकत होते, पण कारण मला ठाऊक नव्हतं.

आमच्या मालकांचे आणखी काही पब आहेत आणि दरवर्षी त्यांच्या कर्मचाऱ्यांमध्ये सगळ्यात चांगला पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) कोण भरतं याची स्पर्धा असते. तुमच्याही पबमध्ये असं काही असेल तर नवीन आहोत म्हणून मागे राहू नका. स्वतः पीत नसाल तरी चालेल. मी क्वचितच घेते आणि त्याने माझं काही अडलं नाही.

आधी टॅप समजून घ्या. साध्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडचे मोठे, चुरचुरणारे बुडबुडे असतात. स्टाउटला साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड लागतो. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळतच नाही. टॅपच्या नळीत बारीक भोकांची चकती असते. तिच्यातून दाबाने जाताना तो सुटतो आणि अगदी बारीक बुडबुडे होतात, म्हणून तो फेस सायीसारखा लागतो. हे तंत्र गणित शिकलेल्या मायकेल ॲश यांनी १९५९ साली गिनेस या स्टाउट बनवणाऱ्या कंपनीत आणलं. त्याआधी एका पिंपातली फसफसती आणि दुसऱ्यातली शांत बिअर अशा दोन्ही मिळून पाइंट भरायचे. दोनदा भरण्याची सवय तिथूनच आली असं जुने बारमन सांगतात.

आता हाताचं काम. ग्लास ४५ अंशांत तिरका धरा, हँडल पूर्ण आपल्याकडे ओढा आणि धार ग्लासच्या आतल्या उतारावर पडू द्या. टॅपचं तोंड ग्लासला किंवा बिअरला लागता कामा नये. परीक्षक हे सगळ्यात आधी बघतात. भरत येईल तसा ग्लास हळूहळू सरळ करायचा आणि पाऊण भरला की थांबायचं. ग्लास खाली ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा.

हे थांबणं नव्या माणसाला फार जड जातं. ग्लासमध्ये तपकिरी ढग उसळत असतात आणि काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. २०१२ मध्ये लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी याचं कारण ग्लासच्या आकारात असल्याचं दाखवलं. ग्लास वर रुंद होत जातो. बुडबुडे सरळ वर चढतात, त्यामुळे उतरत्या काचेपासून ते दूर होतात. काचेजवळ बुडबुडे कमी राहिलेली बिअर जड होऊन खाली सरकते आणि उरलेल्या बारीक बुडबुड्यांनाही सोबत ओढून नेते. हे मी शंभरदा पाहिलं असेल, तरी अजून नजर तिथेच खिळते. खालून काळा रंग चढत वर आला आणि फेसाची कड स्वच्छ दिसली की दुसरा भाग सुरू करायचा. गिनेस या सगळ्याला ११९.५ सेकंद सांगते. मी घड्याळ बघत नाही, ती कड बघते.

दुसऱ्यांदा ग्लास सरळ धरा आणि हँडल उलट, म्हणजे आपल्यापासून लांब ढकला. असं केल्याने धार मंद येते आणि जमलेला फेस फुटत नाही. फेस काठाच्या किंचित वर घुमटासारखा यावा, पण एक थेंबही बाहेर ओघळू नये. थर साधारण पाऊण इंचाचा असला की पुरे.

रोजच्या कामात मोठी ऑर्डर आली की स्टाउट आधी लावतात आणि तो बसेपर्यंत बाकीची ड्रिंक्स करतात. स्पर्धेत दुसरं काहीच करायला नसतं. मग रिकाम्या हातांना उगाच चाळा सुचतो, आणि पहिल्या वर्षी माझा घात तिथेच झाला. ओळीने तीन पाइंट भरायचे होते. पहिला बसत असताना पुढच्या ग्लासवर मला पाण्याचे डाग दिसले आणि कमरेचं फडकं घेऊन मी तो आतून पुसला. पाइंट भरला तर काचेला जागोजागी बुडबुडे चिकटून राहिले आणि फेस एका बाजूने विरळ होऊ लागला. फडक्यात कपड्यांच्या सॉफ्टनरचा अंश होता. असा चिकट किंवा तेलकट अंश फेस टिकू देत नाही. परीक्षकांनी ग्लास उजेडाकडे धरला, काही न बोलता कागदावर लिहिलं. मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले. डाग राहिले असते तर फार तर एखादा गुण गेला असता.

पुढचं वर्षभर मी भरण्यापेक्षा ग्लासवर जास्त कष्ट घेतले. धुतलेला ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर तो स्वच्छ, थेंब थेंब राहिले तर पुन्हा धुवा. यंत्रातून निघालेला गरम ग्लास लगेच घेऊ नका, फेस बेसुमार वाढतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी केगच्या, म्हणजे बिअरच्या पिंपाच्या, नळ्या कधी धुतल्या होत्या तेही विचारून घ्या. ते विचारण्यात काही गैर नाही, चांगला बारमन उलट खूश होतो.

दुसऱ्या वर्षी मी दुसरी आले. निकालानंतर परीक्षकांपैकी एकांनी माझाच पाइंट उचलला आणि बोलता बोलता सावकाश संपवला. ग्लास खाली ठेवला तेव्हा आत प्रत्येक घोटाचं एकेक फेसाचं कडं उरलं होतं, स्वच्छ ग्लासची ती खूण. मी मोजली, सहा होती. हेड बारमननी तो ग्लास दिव्याखाली धरून मला दाखवला आणि मग तो स्वतः धुतला.