मल्टिमीडिया पत्रकारितेची पहिली तीन वर्षं: काय शिकावं, काय घ्यावं, कुठे अडतं

बातमी आणायची, लिहायची, शूट करायची, एडिट करायची आणि संध्याकाळच्या आत मोबाइलवर चढवायची, हे सगळं एकट्यानेच करायचं अशी अनेक मराठी न्यूजरूमची रीत झाली आहे. म्हणून नवी मुलं-मुली आधी कॅमेऱ्याच्या मागे लागतात. आमच्या मते क्रम असा हवा: आधी बातमी, मग आवाज, मग चित्र. ज्याला जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचता येत नाही त्याला बाइट (कॅमेऱ्यावरच्या बोलण्याचे तुकडे) मिळतात, बातमी मिळत नाही.

शिक्षण

बारावीनंतर मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीएएमएमसी ही माध्यमांची पदवी आहे, पूर्वीचं बीएमएम. पदवीनंतरसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्र आहे. अमरावतीत मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकावर विसंबू नका. तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांना विचारा: प्रात्यक्षिक अंक खरंच निघतो का, कॅमेरा आणि एडिटिंगची मशीन संध्याकाळी पाचनंतर वापरायला मिळतात का, आणि शिक्षक कॉपी, म्हणजे तुम्ही लिहिलेली बातमी, लाल करून परत देतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती संस्था दुसऱ्या पसंतीला ठेवा.

जमत असेल तर पदवी अर्थशास्त्र, कायदा, शेती किंवा संख्याशास्त्राची घ्या आणि पत्रकारिता नंतर करा. कॅमेरा सहा महिन्यांत हातात बसतो. पीकविम्याचा हिशोब किंवा आरोपपत्र वाचायला शिकण्याला वर्षं लागतात.

दोन कौशल्यं वर्गात क्वचितच शिकवतात. एक, युनिकोड (कुठल्याही फोन-संगणकावर तसंच दिसणारं) मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर रोज अर्धा तास सराव करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, आणि ते डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित होतात तिथे, हाताने दुरुस्त करावं लागतं. दुसरं, एक्सेल: सॉर्ट, फिल्टर, टक्केवारी आणि पिव्हट टेबल (माहितीचे गट पाडून बेरीज करणारा तक्ता). एवढ्यावर सुरुवातीच्या बहुतेक डेटा-बातम्या निघतात.

सामान आणि सेटिंग

बऱ्यापैकी फोन हाताशी असेल तर पहिला खर्च माइकवर करा. कॉलरला लावायचा वायरचा माइक हजार-दीड हजारात मिळतो. त्यानंतर ट्रायपॉड, मोठी पॉवरबँक आणि वायरचे इअरफोन. माइक घेताना पिन बघा: तीन काळ्या पट्ट्यांची पिन फोनसाठी, दोन पट्ट्यांची कॅमेऱ्यासाठी. चुकीची पिन लावली तर फोन मुकाट्याने स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करतो आणि ते घरी आल्यावर कळतं. म्हणून प्रत्येक मुलाखतीआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून माइकवर नखाने टिचकी मारा आणि ऐका.

व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या नेहमीच्या ३० फ्रेमच्या ऑटो सेटिंगवर तहसील कार्यालयातली मुलाखत घेतली की भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि एडिटमध्ये ते नीट जात नाहीत. फोनच्या कॅमेऱ्यात २५ फ्रेम नसतील तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत ॲप चालतं, पण आधी ते तुमच्या फोनला चालतं का बघा. १०८० पिक्सेलचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा खातो. निघण्यापूर्वी किमान २० जीबी मोकळी करा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी फ्लाइट मोड लावा. मध्येच आलेला फोन चांगला बाइट तोडतो.

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. पदराखाली लपवला तर घासण्याचा आवाज येतो. मंगळसूत्र किंवा गळ्यातली माळ त्यावर आपटत असेल तर तो थोडा बाजूला घ्या. आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. पंखा, फ्रिज, बोअरची मोटर बंद करायची विनंती करा. वाऱ्यात साधा फोम पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. मुलाखत संपली की खोलीचा नुसता आवाज तीस सेकंद घ्या. दोन वाक्यांमधले सांधे झाकायला तोच उपयोगी पडतो.

समोरच्याला सुरुवातीलाच नाव, गाव आणि काय करतात ते कॅमेऱ्यावर सांगू द्या. उत्तर पूर्ण वाक्यात मागा. ‘हो, तीन वर्षं झाली’ हा बाइट तुमचा प्रश्न कापल्यावर निरुपयोगी ठरतो. आणि उत्तर संपलं असं वाटलं तरी तीन सेकंद गप्प राहा. खरं उत्तर पुष्कळदा त्यानंतर येतं.

एक बातमी, अनेक रूपं

समजा, नळजोडण्या झालेल्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. अशा बातमीचा कुठला भाग कुठल्या माध्यमात जाईल, हे घरून निघतानाच ठरवा. योजनेचा खर्च, कामाचा आदेश आणि टँकरच्या फेऱ्यांचा हिशोब मजकुरात किंवा तक्त्यात जातो, कारण व्हिडिओत आकडे टिकत नाहीत. टँकर आल्यावरची धावपळ व्हिडिओत. पहाटे हंडे घेऊन निघालेल्या बाईचं बोलणं नुसत्या आवाजातही पोचतं. विहीर आणि टाकी यांतलं अंतर नकाशात.

व्हिडिओसाठी पाच शॉट घ्याच: हंडा भरणारे हात, त्या बाईचा चेहरा, सगळी रांग, तिच्या खांद्यावरून दिसणारा टँकर, आणि एक वेगळ्या कोनातला. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरा. नवखा माणूस कॅमेरा सतत फिरवतो आणि एडिटला बसल्यावर त्याच्याकडे तीन सेकंदांचाही वापरण्याजोगा तुकडा नसतो.

कागद माहिती अधिकारातून मिळवा. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. ‘पाणी का मिळत नाही?’ असं विचारलं तर अर्ज बहुधा निष्फळ ठरतो, कारण कायदा कार्यालयातली नोंद देतो, कारणमीमांसा करून देत नाही. ‘अमुक ते अमुक तारखेच्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीच्या प्रती’ असं नेमकं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपीलही ३० दिवसांत करायचं. म्हणजे मे महिन्यातल्या बातमीचा अर्ज मार्चमध्ये गेला पाहिजे.

एडिटिंग

फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो. त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडू शकतात. फाइल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्थिर २५ फ्रेमवर बदलून घ्या, मग एडिट करा. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते. ॲडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी लिहिताना वेलांटी भलतीकडे गेली आणि जोडाक्षर फुटलं, तर टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं करा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट छोट्या पडद्यावर स्वच्छ दिसतात. उभ्या व्हिडिओत खालचा चौथा हिस्सा मोकळा ठेवा, तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात.

मूळ फाइल कधीच कापू नका. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत ठेवा, त्यातली एक वेगळ्या इमारतीत किंवा क्लाउडवर.

ओळख लपवणं

इथली चूक दुसऱ्याच्या आयुष्यावर जाते, म्हणून थांबून वाचा. लैंगिक अत्याचारातल्या अल्पवयीन मुलांची ओळख उघड करायला पोक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं. बलात्कार पीडितांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. चेहरा धूसर केला म्हणजे काम झालं असं नाही. शाळेचा गणवेश, घराचं दार, नातेवाइकाचं नाव, छोट्या गावाचं नाव, बोलण्याची लकब यांतून ओळख पटते. आवाज जाड-बारीक केला तरी तो पुन्हा मूळपदावर आणता येऊ शकतो, म्हणून तेच शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या. थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) वेगळा बनतो, तोही तपासा.

काम मिळवणं

नोकरीसाठी वीस कामं दाखवू नका, तीन दाखवा: एक लेखी बातमी, तीन मिनिटांच्या आतला एक व्हिडिओ, आणि एक फोटो किंवा डेटा-स्टोरी. लिंक लॉगिनशिवाय उघडली पाहिजे. प्रत्येकाखाली स्पष्ट लिहा की चित्रीकरण, संकलन, आवाज यांतलं तुम्ही काय केलंत. गटात केलेलं काम एकट्याचं म्हणून दाखवलं तर मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं. ग्रामीण विषयांवर काम करणाऱ्यांनी ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) जरूर पाहावं. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर मजकूर, फोटो आणि व्हिडिओ एकाच कामात कसे बसतात ते मराठीतही वाचता येतं.

स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे घेणारा, पगारी नसलेला बातमीदार) म्हणून सुरुवात करत असाल तर पहिल्या बातमीआधी ईमेलवर चार गोष्टी विचारून घ्या: बातमीमागे दर किती, पैसे कधी, प्रवासखर्च कोणाचा, आणि न वापरलेलं फुटेज कोणाचं. फोनवरच्या आश्वासनाला महिनाअखेर कोणी ओळख देत नाही. ओळखपत्रासाठी पैसे मागणाऱ्या किंवा दिवाळी अंकाच्या जाहिराती आणण्याची अट घालणाऱ्या जागेला सरळ नकार द्या. ज्या सरपंचाकडून जाहिरात घेतली त्याच्या टँकरची नोंदवही मागायला पुढच्या उन्हाळ्यात तुमची जीभ रेटणार नाही. सरकारी अधिस्वीकृती पत्रिकेची, म्हणजे पत्रकारांच्या सरकारी ओळखपत्राची, घाई करू नका. तिला अनुभवाच्या अटी आहेत आणि तिच्याशिवाय ग्रामसभेत, न्यायालयात, बाजार समितीत बातमीदारी करता येते.

पहिल्या वर्षी एकच बीट (बातमीदारीचं ठरावीक क्षेत्र) धरा: पाणी, शाळा, आरोग्य किंवा सत्र न्यायालय. प्रत्येक माणसाचा नंबर, भेटीची तारीख आणि तो काय म्हणाला, हे एका वहीत लिहा. बातमी लागली की ज्यांनी वेळ दिला त्यांना लिंक पाठवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना पुढच्या फेरीत तुमच्या फोनवर दाखवा. चूक निघाली तर दुरुस्ती तारखेसह त्याच बातमीखाली छापायला डेस्कला त्याच दिवशी सांगा.