'वय झालं' म्हणण्याआधी: ज्येष्ठांच्या विस्मरणात काय तपासावं

घरातलं वडीलधारं माणूस तेच तेच विचारू लागलं, की आपण वयावर ढकलून मोकळे होतो. पुष्कळदा मुळाशी अल्झायमर किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतोही. पण विस्मरण वाढवणारी काही कारणं साध्या तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपचार होतात. ती आधी शोधावीत.

सर्वांत आधी वेग पाहा. महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेलं विस्मरण वेगळं आणि दोन दिवसांत सुरू झालेला गोंधळ वेगळा. माणूस अचानक भलतंच बोलतंय, दुपारी बरं आणि रात्री बिथरलेलं, किंवा सारखं पेंगतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, उतरलेली साखर किंवा सोडियम अशी कारणं असतात, आणि म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड झाली तर एक मिनिटही थांबू नका. मागच्या काही आठवड्यांत डोक्याला मार लागला असेल, अगदी किरकोळ, तरी डॉक्टरांना सांगा. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसतं.

मग गोळ्यांची पिशवी. घरातली सगळी पाकिटं, सर्दीच्या गोळ्यांसह, डॉक्टरांपुढे ठेवा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामीन, नैराश्यासाठीचं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन ही औषधं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतात, आणि स्मरणाला तेच लागतं. झोपेसाठीची अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनीही मेंदू मंदावतो. मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात.

रक्तात हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या पाहतात. यात बी-१२ कडे विशेष लक्ष द्या. शाकाहारी जेवण, वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीचं पँटोप्राझोल, आणि वयानुसार जठरातलं घटलेलं आम्ल, या तिन्हींनी बी-१२ घटतं, आणि ही तिन्ही एकाच आजीच्या बाबतीत सहज जुळून येतात. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये शंका उरते, तेव्हा बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासता येतं. रक्त देण्याआधीच बी-कॉम्प्लेक्स किंवा इंजेक्शन घेतलं, तर आकडा चांगला दिसतो आणि निदान हुकतं. नुसतं फॉलिक आम्ल घेतल्यानेही घोटाळा होतो: अ‍ॅनिमिया सुधारतो, नसांचं नुकसान चालूच राहतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेला सांगा. टीएसएच चुकीचा येऊ शकतो.

सोडियम १३५ ते १४५ दरम्यान हवं. रक्तदाबाच्या क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्यांनी ते उतरतं. घरच्या घरी मीठ वाढवू नका. कारण कळल्याशिवाय उपाय ठरत नाही.

रक्तदाब बसून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने पडला तर डॉक्टरांना कळवा. साखर ७० च्या खाली वारंवार जात असेल तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची मात्रा तपासून घ्या.

कानातला मळ काढून ऐकणं तपासा. न ऐकलेली गोष्ट आठवणार कशी? ऐकणं कमी होणं हा डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणारा घटकही आहे.

बी-१२ ची भर घातल्यावर सुधारणा दिसायला काही महिने लागतात, आणि कमतरता फार जुनी असेल तर गेलेलं सगळं परत येत नाही. कारणं दुरुस्त करूनही घसरण थांबली नाही, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एमआरआय आणि स्मरणचाचणी तेव्हा उपयोगी पडतात. जाताना कोणती कामं पूर्वी जमत होती आणि कधीपासून जमत नाहीत, हे तारखांसह लिहून न्या.