नागपुरात बसून आईस हॉकीवाल्या भटक्या खेळाडूचं करिअर कसं वाचायचं

माझा भाचा रोलर स्केटिंग करतो, तिथूनच त्याला आईस हॉकीचा नाद लागला. मे महिन्याची दुपार, बाहेर ४५ डिग्री, कूलर घरघर करून राहिला आणि हा मोबाईलवर बर्फावरची मॅच लावून बसलेला. मग माईक सिलिंजर नावाच्या खेळाडूचं रेकॉर्ड माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "मामा, याले बारा टीमनं काढून टाकलं काय?"

मी म्हटलं थांब बावा, आपण नीट पाहू. त्या दुपारी आणि नंतर चारपाच रविवारी आम्ही दोघांनी मिळून असे बरेच खेळाडू वाचले आणि त्यातून एक पद्धत बसली, ती इथे लिहून ठेवतो, कारण क्रिकेट पाहून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ती लांबलचक टीमची यादी पाहिली की पहिले तोच प्रश्न पडतो.

सगळ्यात आधी टीम मोजूच नका, सामने मोजा. रेकॉर्डमध्ये जीपी लिहिलेलं असतं ते खेळलेले सामने, जी म्हणजे गोल, ए म्हणजे असिस्ट, म्हणजे ज्याच्या पासवरून गोल झाला त्याचं श्रेय, आणि पी म्हणजे पॉइंट, दोन्हीची बेरीज. पीआयएम म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर बसलेली मिनिटं. सिलिंजरचे एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मुख्य आईस हॉकी लीगमध्ये, १०४९ सामने आहेत, २४० गोल, ३०८ असिस्ट. सीझन ८२ सामन्यांचा धरला तर हे जवळपास तेरा पूर्ण सीझन होतात, एकही सामना न चुकवता. जगातली सगळ्यात कठीण लीग, त्यात इतके सामने कोणी दयेनं खेळू देत नाही. बारा टीम हा लीगचा रेकॉर्ड आहे, हे भाच्याला सांगितल्यावर त्याचे डोळेच मोठे झाले.

आता एकाच सीझनमध्ये दोन ओळी दिसल्या तर तिथे थांबा, खरी गोष्ट तिथेच असते. सिलिंजरचं १९९७-९८ पाहा, अर्धा सीझन व्हँकुव्हर अर्धा फिलाडेल्फिया, पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातून टॅम्पा बे, त्याच्या पुढच्या वर्षी टॅम्पा बेतून फ्लोरिडा, मग फ्लोरिडातून ओटावा. सलग चार वर्षं, सीझन चालू असताना सामान बांधलं. याला तिकडे ट्रेड म्हणतात आणि मला विचाराल तर आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द बदली. माझे बाबा बदलीच्या नोकरीत होते, गोंदिया झालं, यवतमाळ झालं, वर्धा झालं, दरवेळी शाळेचा दाखला आणि गॅसचं कार्ड घेऊन आम्ही निघायचो, आणि आई नव्या गावात पहिले दूधवाला शोधायची. ट्रेडमध्ये तसंच आहे, खेळाडूचा करार जसाच्या तसा दुसऱ्या टीमकडे जातो, आणि करारात नकाराची अट लिहून घेतलेली नसेल तर त्याला नाही म्हणता येत नाही. ती अट बहुतेक मोठ्या खेळाडूंनाच मिळते. एकदा तर २००३ च्या जुलैमध्ये सिलिंजरला कोलंबसनं डॅलसला दिलं आणि डॅलसनं त्याच दिवशी फिनिक्सला देऊन टाकलं. डॅलसकडून तो एक मिनिट खेळला नाही, म्हणून बारामध्ये डॅलस येत नाही.

ट्रेडची तारीख पण पाहायची. दरवर्षी साधारण मार्चच्या सुमाराला ट्रेडची शेवटची मुदत असते, त्याच्या आधीच्या आठवड्यांत चांगल्या टीम प्लेऑफसाठी माणसं गोळा करतात. म्हणजे त्या दिवसांत कमजोर टीमकडून वरच्या टीमकडे गेलेला खेळाडू हवा म्हणून नेलेला असतो. याच्या उलट वेव्हर्स असा शब्द दिसला तर समजायचं की टीमनं त्याला बाकी सगळ्यांसमोर मोकळा ठेवलाय, २४ तासांत दुसरी कोणतीही टीम त्याला उचलू शकते, आणि कोणी नाही उचललं तर खालच्या लीगमध्ये पाठवता येतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे करार संपला आणि तो स्वतःच्या मर्जीनं गेला, फ्री एजंट. हे तीन वेगळे केल्याशिवाय "टीमनं काढलं" असं म्हणायचंच नाही, भाच्याला मी हे चारदा सांगितलं.

त्याला नेमकं कशासाठी नेलं हे समजायला त्याचं काम काय होतं ते पाहावं लागतं, आणि हे आकड्यांत लगेच दिसत नाही. सिलिंजर फेसऑफचा माणूस होता. रेफरी दोघांच्या मधे पक, म्हणजे बॉलऐवजी असते ती रबराची चकती, टाकतो आणि जो आपल्याकडे ओढतो त्याच्या टीमकडे ताबा, एका मॅचमध्ये हे पन्नाससाठ वेळा होतं, मग असा माणूस कोणाला नको? शिवाय एक माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना चौघांनी पाचांना थोपवायचं ते कामही तो करायचा. अशा कामाची गरज प्रत्येक टीमला पडते, म्हणून अशा माणसांचा पत्ता सारखा बदलतो. आणि तो घसरत गेला असंही नाही, त्याचे सगळ्यात जास्त गोल, ३२, आणि सगळ्यात जास्त पॉइंट, ६३, २००५-०६ मध्ये आले, सेंट लुईस आणि नॅशव्हिल मिळून, आणि त्याच्या पुढच्या वर्षी न्यूयॉर्क आयलंडर्सकडून ५९ पॉइंट, वय ३५. मला हे दोन सीझन त्याच्या पूर्ण रेकॉर्डमध्ये सगळ्यात आवडतात.

यादीत एएचएल दिसलं की घाबरू नका. ती एनएचएलच्या खालची लीग, प्रत्येक टीमची तिथे जोडटीम असते, पोरं तिथेच तयार होतात. सिलिंजरला डेट्रॉइटनं १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, ११ व्या नंबरवर घेतलं तरी तो आधी एएचएलच्या ॲडिरॉन्डॅकला खेळलाच. त्याच्याही खाली ईसीएचएल. काही करार असे असतात की वर खेळला तर एक पगार, खाली खेळला तर दुसरा, आणि वरच्या टीममध्ये कोणी जखमी झालं की रात्री फोन येतो आणि सकाळच्या विमानानं जायचं. जे खेळाडू वर्षानुवर्षं याच फोनची वाट पाहत खेळतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, त्यांच्या रेकॉर्डमध्ये एनएचएलचे पाचच सामने असले तरी ते पाच सामने नीट पाहा.

युरोपच्या ओळी आल्या की वाचायची पद्धत बदलायची. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, चेक, प्रत्येकाची स्वतःची लीग आहे आणि सामने साधारण पन्नास ते साठ, म्हणून तिथले ४० पॉइंट आणि एनएचएलचे ४० पॉइंट शेजारी ठेवून तुलना करू नका. तिथलं बर्फाचं मैदान पण बरेचदा जास्त रुंद असतं, खेळाची चालच वेगळी होते. तिशीनंतर बरेच जण तिकडे जातात, क्लब बहुतेक वेळा राहायला फ्लॅट देतो, गाडी देतो, सामने कमी, प्रवास कमी, लेकरांना एका जागी शाळा मिळते. बदलीवाल्या घरात वाढलेल्या माणसाला हे कारण लगेच पटतं.

दोन वर्षं मात्र लक्षात ठेवाच. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलचा पूर्ण सीझन रद्द झाला, आणि २०१२-१३ मध्ये फक्त ४८ सामने झाले. या वर्षांत युरोपची टीम दिसली तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की घरी बसण्यापेक्षा खेळायला गेला. यारोमीर यागरचं रेकॉर्ड यासाठी उत्तम आहे. २००४-०५ मध्ये तो आधी आपल्या गावच्या क्लाद्नोकडून खेळला, मग रशियातल्या ओम्स्ककडून. पुढे २००८ ते २०११ अशी तीन वर्षं पुन्हा ओम्स्कलाच. एनएचएलमध्ये नऊ टीम, १७३३ सामने, १९२१ पॉइंट, त्याच्या वर फक्त वेन ग्रेट्झकी. आणि ओम्स्कची तीन वर्षं या १९२१ मध्ये नाहीत, म्हणून ती ओळ गाळून वाचलं तर त्या माणसाचा हिशोबच चुकतो. २०१३ मध्ये डॅलसनं त्याला बॉस्टनला दिलं, आणि त्याच वर्षी बॉस्टन स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या ट्रॉफीच्या, फायनलपर्यंत गेली. शेवटी तो क्लाद्नोलाच परत आला, आणि तेव्हा तो क्लब त्याच्याच मालकीचा होता.

घरच्यांना समजवायचं असेल तर ॲरन फिंचचं नाव घ्या, आयपीएलमध्ये नऊ टीमकडून खेळलाय. नाहीतर आपला करुण नायर. कर्नाटकातून विदर्भाकडे आला आणि २०२४-२५ च्या रणजी फायनलला जामठ्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५ मारले. त्यानंतर तो कर्नाटकात परत गेला, पण त्या ट्रॉफीत त्याच्या घामाचा वाटा आहे हे कोणता नागपूरकर नाही म्हणेल?

मॅच लाईव्ह पाहायची तर अमेरिकेच्या पूर्वेकडची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला लागते, तिकडचं घड्याळ पुढे सरकलं की साडेचारला. डिसेंबरात रजईत बसून पाहा आणि मग तर्री पोहे खायला बाहेर पडा. प्रत्येकी वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात, पण सगळे पाहायला वेळ नसेल तर तिसरा चुकवू नका.

आता भाचा एक वही घेऊन बसतो, प्रत्येक खेळाडूला एक पान, डाव्या बाजूला वर्ष आणि टीम, उजव्या बाजूला फक्त एकच गोष्ट, का गेला. सिलिंजरच्या पानावर बारा टीमची बारा कारणं लिहायची होती, अकरा लिहून झाली. शेवटची आयलंडर्सची जागा रिकामी होती, तिथे त्यानं लिहिलं, "इथून कुठंच नाही गेला."